हे शेवाळ नव्हे

सरांना पाणी देणं ही आमच्या घरात परीक्षा असायची. तांब्या-भांडं चालायचं नाही, काचेचाच पेला लागायचा. तो घेऊन ते खिडकीशी जायचे, एक डोळा मिटायचे, पेला उजेडासमोर धरायचे आणि आत कुणी ओळखीचं भेटतंय का अशा बेतानं बघत राहायचे. माझी सून नवी होती तेव्हा तिला वाटलं, पेला खरकटा राहिला. बिचारी पुन्हा पुन्हा विसळून आणू लागली. शेवटी सर म्हणायचे, "दिसत तर काही नाही," आणि आमच्यावर उपकार केल्यासारखे प्यायचे.

सर म्हणजे तासगावकडच्या एका कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे शिकवायचे ते, आणि परीक्षानळ्या विसळायची मी. जन्मभर त्यांनी एकच विषय केला, शेवाळ. गेल्या थंडीत ते गेले. शोकसभेत सगळे चांगलं बोलले. मला बोलायला उठवलं, तर मी गुडघ्याचं निमित्त सांगून बसून राहिले. गुडघा त्या दिवशी अजिबात दुखत नव्हता.

मी तिथं रुजू झाले ती फलटणहून आलेली, डोक्यात कोरी करकरीत पदवी आणि तोंडाला इतकी पावडर की घाम आला की गालावरून ओढे वाहायचे. रंग माझा तव्याशी नातं सांगणारा. बघायला येणारे पोहे खायचे, मुलगी गुणाची आहे म्हणायचे आणि एस.टी.त बसले की गुण विसरायचे. अशात पहिल्याच तासाला सर फळ्याकडून वळले, थेट माझ्या दिशेनं बघितलं आणि म्हणाले, "रंगावर जाऊ नका. रंग फसवतो. पोटात काय साठवलंय ते बघा."

माझी कानशिलं तापली. हे मलाच उद्देशून आहे, असं मी ठरवूनच टाकलं. सर तेव्हा चाळिशीच्या अलीकडचे, बिनलग्नाचे, दिसायला बरे. झालं! मी गजरा माळून प्रयोगशाळेत जायला लागले. आयोडीनच्या वासात मोगऱ्याचा वास. परीक्षानळ्या विसळताना गुणगुणायचे. काय येडी मुलगी होती! आज हाताला लागली तर वेणीला धरून हलवीन. पुढच्या वर्षी नवी मुलं आली. सर त्याच जागी, त्याच कोनात वळले आणि तेच वाक्य म्हणाले. तेव्हा कळलं, त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच कधी. माझ्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ होतं.

गजरा थांबला, पण वाक्य डोक्यात राहिलं. वाक्य खरंच होतं, ही त्यातली पंचाईत.

सरांच्या खांद्याला कायम एक पिशवी, आणि पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. एस.टी. स्टँडचा गळका नळ, देवळाच्या पायऱ्या, म्हशींचं डबकं, येरळा नदीचा डोह, जिथं बुळबुळीत दिसेल तिथं सर वाकलेले. लग्नाला गेले तर आधी मांडवामागच्या हौदाकडे जायचे, मग नवरा-नवरीकडे. बाटल्यांना बाहेरून खाकी कागद चिकटवलेला असायचा, आतला रंग दिसू नये म्हणून. पोरांनी थेंब काढायचा, त्यात आयोडीन टाकायचं, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आणि रंगाचा उच्चार सगळ्यात शेवटी.

"नावंच घात करतात," ते म्हणायचे. "हिरवं शेवाळ, तपकिरी शेवाळ, तांबडं शेवाळ. ऐकणाऱ्याला वाटतं रंग बघितला की झालं. अरे, हिरव्याच्या पोटात पीठ असतं, तुमच्या ज्वारीत असतं तसलंच. आयोडीन पडलं की काळंनिळं होतं. समुद्रातलं तपकिरी पुरुषभर वाढेल, पण त्याच्या पोटातला साठा निराळा, आयोडीनला दाद देत नाही. तांबडं खोल पाण्यात राहतं, उजेड जेमतेम पोचतो तिथं. त्याचं पीठ आणखी निराळं. डायटम म्हणजे काचेची डबी, झाकणासकट, आणि आत तेल. आधी साठा बघा. मग भिंत कशाची आहे ते बघा. मग पोहायला शेपूट आहे का, किती आहेत, ते बघा. आणि मग, अगदीच राहवलं नाही, तर रंग."

इतकं सुंदर शिकवणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही. इथंच थांबता आलं असतं तर शोकसभेत मीही बोलले असते.

पण सर बाटल्यांवर थांबायचे नाहीत. त्यांनी माणसंही गटात घातली होती. आमचे प्राचार्य डायटम, काचेच्या डबीत बसलेले, कुणी हात लावायचा नाही. पुण्या-मुंबईला जाऊन साहेब झालेले गावचे लोक तपकिरी, लांबीला भरपूर, मूळ नाही, नुसती खडकाला पकड. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, मी कुठल्या गटात?" गजऱ्याची खोड पुरती गेली नव्हती, असं दिसतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. यावेळी खरंच माझ्याकडे. म्हणाले, "कारा. तळ्याच्या तळाशी वाढते. अंगावर चुन्याचा थर. हाताळली की लसणासारखा वास."

मी तडक आरशाकडे गेले. पावडरीचा थर होताच, आणि डब्यात त्या दिवशी लसणाची चटणी होती. परत येऊन विचारलं, "पण गट कुठला?"

"त्यावर एकमत नाही," सर म्हणाले. "कुणी हिरव्यात धरतात, कुणी वेगळी काढतात."

माझ्या लग्नाचं त्या वर्षी अगदी असंच चाललं होतं. मी हसले. घरी जाऊन पावडरीचा डबा फळीवर मागं सारला, आणि हसता हसता थोडी रडलेसुद्धा.

मला निदान हसता आलं. संपतला आलं नाही. संपत आमचा विद्यार्थी, बागाईतदाराचा मुलगा. त्यानं जर्नलमधल्या सगळ्या आकृत्या एकाच हिरव्या पेन्सिलीनं रंगवल्या. सरांनी जर्नल उचललं आणि खिडकीतून खाली फेकलं. "आंधळ्यानं निदान रंग तरी वापरले नसते," म्हणाले. सगळा वर्ग हसला. संपत खाली जाऊन चिखलातून जर्नल घेऊन आला, पान पान पुसलं, आणि नापास झाला.

पुढं संपतचा संपतराव झाला. द्राक्षबागा, बेदाण्याची शेड, दाराशी जीप, गावात शब्दाला वजन. त्यानं एकदा सरांचा सत्कार ठेवला. मन मोठं की हिशोब मोठा, देव जाणे. शाल अंगावर पडली तशी सरांनी माईक घेतला. "संपत म्हणजे युग्लीना," म्हणाले. "उजेड असेल तिकडं पोहत जातो. उजेड आहे तोवर वनस्पतीसारखा स्वतःचं अन्न स्वतः करतो. अंधार झाला की प्राण्यासारखा दुसऱ्याचं खातो." मांडव हसला. संपतराव सगळ्यांत मोठ्यानं हसला, "लय भारी, सर!" म्हणाला. त्याची बायको मात्र ताटातली शाल-नारळ नीट लावत राहिली, मान वर न करता. मला तेव्हा वाटलं, काय हा बाणेदारपणा! आज वाटतं, माणसाला एकदा बाटलीत घालून वर कागद चिकटवला की त्याच्याशी बोलायचं शिल्लक राहत नाही. आणि तोही मग तुमचं ऐकायचं सोडतो.

सरांचं खरं भांडण होतं ते निळ्या-हिरव्याशी. पाठ्यपुस्तकात शेवाळांच्या गटांत पहिलं नाव त्याचं. सर वर्गात पुस्तक उघडायचे आणि त्या पानावर काट मारायला लावायचे. "याच्या पेशीला केंद्रक नाही. केंद्रक नाही ते शेवाळ कसलं? हे जिवाणू आहेत. शेवाळाचं सोंग घेऊन बसलेत. लिहा, हे शेवाळ नव्हे." पोरांनी परीक्षेत तसंच लिहिलं आणि गुण घालवले. पालक भांडायला आले. विद्यापीठानं सरांना पेपर तपासायला बोलवायचं बंद केलं. सर तसूभर हलले नाहीत. आम्हाला तो मोठा त्याग वाटला होता. गुण पोरांचे गेले होते, सरांचे नव्हे, हे कुणी मोजलं नाही.

सर निवृत्त झाले आणि मग कधीतरी पुस्तकच बदललं. नव्या पुस्तकात निळं-हिरवं जिवाणूंच्या धड्यात गेलं. सर ते पुस्तक घेऊन कॉलेजात गेले. फाटकावरचा नवा रखवालदार म्हणाला, "आजोबा, पुस्तकं इकायची न्हाईत आत." ते तिथून थेट आमच्याकडे आले. पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बसून राहिले. मी शिरा केला. ते म्हणाले, "कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं, बाई. एक माणूस. एवढंच." त्या दिवशी त्यांनी पाणी उजेडात न धरता प्यायलं. मला त्यांची फार दया आली. ती दया पुढं मला पुरली नाही, हे वेगळं.

आता बायडा. बायडा जतकडची धनगरीण. दर उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा बिरा मेंढरं घेऊन आमच्या द्राक्षांच्या मुलखात येतात. येतात म्हणजे यायची. इकडची रीत अशी, की बागाईतदार रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतो. लेंडीचं खत रानाला, आणि बदल्यात धान्य धनगराला, पाणी मेंढरांना. आमचं घर गावाच्या कडेला, म्हणून बायडा मोबाईल चार्जिंगला लावायला माझ्या व्हरांड्यात यायची. चार्जिंग होईस्तोवर पायरीवर बसून लेकीशी बोलायची. लेक तिकडं वसतिगृहात, दहावीला.

"आवं आज्जी," एकदा मला म्हणाली, "ही म्हनती सायन्स घ्यायचंय. काय असतंय वं त्यात?"

"शेवाळ असतं," मी म्हटलं.

"शेवाळ?" ती हसत सुटली. "त्ये तर आमच्या हौदात बी हाय की! त्याला शाळा कशाला?" मग जरा वेळानं गंभीर होऊन म्हणाली, "शिकू दे पर. माजी मेंढरं हाईत तवर तिची शाळा हाय."

रस्त्याच्या कडेला संपतरावाचं शेततळं आहे, काळ्या प्लास्टिकचं. त्या उन्हाळ्यात त्यावर कुणी हिरव्या रंगाचा डबा उपडा केल्यासारखा थर आला. सर संध्याकाळी फिरायला त्याच रस्त्यानं जायचे. त्यांनी काठी बुडवून बाहेर काढली. तंतूंचं शेवाळ असतं तर काठीला केसांसारखं लोंबलं असतं. हे रंगासारखं माखलं. सरांनी बाटली भरली, घरी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चारचौघांत संपतरावाला गाठलं. हे मला टपरीवाल्यानंच सांगितलं.

"तुझ्या तळ्यात ते निळं-हिरवं आलंय," सर म्हणाले.

"शेवाळ हाय, सर. दरसाल येतं. हिरवं तर हाय."

"हिरवं दिसतं म्हणून हिरवं नव्हे. जर्नल आठवतंय का तुझं?"

टपरी हसली. संपतरावानं चहा अर्धा टाकला आणि जीपमध्ये बसला. निळं-हिरवं जनावरांच्या जिवावर उठू शकतं. इतकी भयंकर बातमी होती ती, आणि सरांनी ती टोमण्यात गुंडाळून दिली. टोमणा पोचला. बातमी टपरीवरच राहिली.

मग सरांनी पत्र्याची फळी रंगवून आणली आणि तळ्याच्या कडेला रोवली. मला मुद्दाम रिक्षात घालून दाखवायला नेलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, छापल्यासारखी देखणी. 'हे शेवाळ नव्हे.' पुढं पूर्णविराम.

"सर, हे काय लिहिलंत?" मी म्हटलं. "पाणी विषारी आहे, पाजू नका, असं लिहा की."

"विष हा गट नाही, बाई."

"गट नसू दे. जनावरं मरतात ना?"

"यातल्या सगळ्या जाती विषारी नसतात. एका जातीची तर भुकटी करून शहरात लोक दुधातून पितात. ही विषारी आहे असा माझा अंदाज आहे. हे शेवाळ नव्हे, हे सिद्ध आहे. मी सिद्ध तेवढंच लिहितो."

"वाचणाऱ्याला काय समजायचं त्यातून?"

"ज्याला वाचायचंय त्यानं आधी शिकावं," सर म्हणाले आणि फळी सरळ आहे ना, ते एक डोळा मिटून बघितलं.

मी घरी येऊन संपतरावाला फोन लावला. "संपतराव, सरांचं तोंड सोडा, पण त्या तळ्याचं पाणी कुणाला पाजू नका." तो अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमी कशाला तरास घेताय? बंदोबस्त करतो." बायडाची मेंढरं तेव्हा पलीकडच्या गावात बसली होती.

बंदोबस्त म्हणजे मोरचूद, तांब्याचा तो निळा क्षार. द्राक्षवाल्याच्या घरी मोरचुदाचं पोतं असतंच. वेलीवर बुरशी दिसली की चुन्यात मोरचूद मिसळून फवारा. पिढ्यानपिढ्या त्यानं बागा वाचवल्यात, त्यामुळे तळ्यात काही वाढलं तर हात तिकडंच जाणार. संपतरावानं मोरचूद फडक्यात बांधून दोरीनं तळ्यातून ओढायला लावलं. दोन-चार दिवसांत थर गेला. पाणी आरशासारखं. त्याला आनंद झाला. सर खोटे पडले होते ना! त्यानं बिराला निरोप धाडला, "तळं साफ केलंय. आन मेंढरं बसवायला." संपतराव दुष्ट आहे असं मी म्हणणार नाही. त्याला सरांना हरवायचं होतं, मेंढरं मारायची नव्हती.

त्या सकाळी बायडा व्हरांड्यात आली. "आलो गं बाय परत तुमच्या गावात," म्हणत मोबाईल लावला, आणि तो वाजला. बिरा होता, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून. बायडानं कानाला लावला आणि बसल्या जागेवरून उठली.

"काय गं?" मी विचारलं.

"मेंढरं पडाय लागलीत म्हनं," ती म्हणाली, आणि चार्जरसकट फोन ओढून निघाली.

सुनेनं स्कूटी काढली. बायडा मध्ये, मी मागं. एरवी या स्वारीवर मीच आठ दिवस विनोद केले असते.

रानात मेंढरं आडवी पडली होती. काहींचे पाय हवेत चालत होते. कोकरं आयांना ढुसण्या देत होती. बायडा एकेकीपाशी बसून तोंड वर उचलायची. "राणी, ऊठ गं. ऊठ माजी बाय." ते डोकं मांडीवरून घसरायचं, की ही दुसरीकडं. बिरा नुसता उभा. संपतराव जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला होता, त्याचंही तोंड पांढरं पडलेलं.

तेवढ्यात सर आले, चालत, खांद्याला पिशवी. मेंढरांच्या मधून वाट काढत थेट तळ्याकडं गेले. पाण्याचा वास घेतला. कडेला निळसर खवले चिकटले होते, ते बोटावर घेतले. मागं वळून विचारलं, "मोरचूद?"

संपतरावानं मान हलवली.

मी सरांचा चेहरा बघत होते, तो बघितला नसता तर बरं झालं असतं. वर्गात एखाद्यानं अवघड प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं की तो उजळायचा, तसा उजळला.

"पेशी फुटल्या," ते डॉक्टरला म्हणाले, आवाजात वर्गातली खणखण. "विष आत होतं, ते सगळं पाण्यात आलं. थर होता तोवर जनावर तोंड तरी लावत नव्हतं. हिरवं शेवाळ असतं तर मोरचुदानं नुसतं मेलं असतं. पण हे शेवाळ नव्हे! मी लिहिलं होतं."

"सर, मेंढराला मोरचूदसुद्धा सोसत नाही," डॉक्टर म्हणाला. "नमुने पाठवतो, मग बघू."

"मोरचूद नव्हे!" सर म्हणाले, आणि दोघांचा वाद जुंपला. कशानं मेली, हे ठरवायचं चाललं होतं, आणि ती अजून मरत होती.

बिरा पुढं आला. हात जोडल्यासारखे धरून म्हणाला, "सर, ही फळी तुमीच लावली नव्हं?"

"हो."

"मी वाचली वं. चौथी झालीया माजी. शेवाळ न्हाई म्हनून लिवलंय. पान्यात बगितलं, खरंच नव्हतं. म्हनून पाजलं."

सर फळीकडं वळले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. बसावा, अशी मी देवाची प्रार्थना करत होते.

"वाक्यात चूक नाही," सर म्हणाले.

बायडानं खालून विचारलं, "काय म्हनत्यात वं, आज्जी?"

मी तिच्याशेजारी बसले आणि पुढच्या मेंढीचं डोकं उचलायला हात लावला.

कळपातलं फार थोडं उरलं. उरलेलं बिरानं विकून टाकलं, कारण मूठभर मेंढरं घेऊन कोण कुणाच्या रानात बसतं?

बऱ्याच दिवसांनी सर घरी आले. चेहरा तरतरीत. "नमुन्यांचा निकाल आला. डॉक्टर चुकला. माझंच बरोबर होतं," म्हणाले आणि पाणी मागितलं.

मी म्हटलं, "सर, इतकी वर्षं तुम्ही मला शिकवलंत, पोटात काय साठवलंय ते बघ. तुमच्या पोटात मला एकच साठा दिसला. आपलं बरोबर होतं, एवढाच. त्यावर तुम्ही जन्मभर जगलात. दुसऱ्या कुणाला त्यातलं चिमूटभरसुद्धा मिळालं नाही."

सरांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "हे निरीक्षण आहे, की मत?"

मी आत गेले आणि स्टीलच्या भांड्यात पाणी आणलं. म्हातारपणी अशा बारीक खोड्या काढता येतात, तेवढंच सुख. त्यांनी भांड्यात वाकून बघितलं. स्टीलमधून उजेड कुठून येणार? भांडं तसंच टेबलावर ठेवून ते गेले. पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

शोकसभेत सगळ्यांत चांगलं भाषण संपतरावाचं झालं. "सरांनी मला भर मांडवात युग्लीना म्हटलं हुतं," तो म्हणाला. "उजेडाकडं जात ऱ्हा, असा तो गुरूचा आशीर्वाद हुता." लोकांनी माना डोलावल्या. एका बाईनं डोळे पुसले. मी गुडघा चोळत राहिले.

परवा बेदाणे आणायला संपतरावाच्या शेडवर गेले. गंधकाच्या धुरीचा वास नाकात शिरतो तिथं, डोळे चुरचुरतात. पट्ट्यावरून बेदाणा सरकत येतो आणि दोन्ही बाजूंना बायका बसून निवडतात. त्यांत बायडा दिसली. बिरा तिकडंच पोती उचलतो. पट्ट्याच्या पलीकडं एक मुलगी होती, तोंडाला ओढणी बांधलेली. डोळे बायडाचे.

"लेक गं?"

"व्हय."

सायन्सचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

"जमतंय का काम?" मी म्हटलं.

"सोपं हाय, आज्जी." तिचे हात थांबले नाहीत. हिरवा बेदाणा एकीकडं, पिवळा एकीकडं, काळा बाजूला. "रंग बगायचा आन टाकायचं. दुसरं कायबी बगायचं न्हाई."

जरा वेळानं ती पाण्याला उठली. कोपऱ्यात पिंप होतं, त्यावर झाकणाला एक पत्रा. पत्र्याचा पांढरा रंग उडालेला, पण काळी अक्षरं अजून छापल्यासारखी. पूर्णविरामसुद्धा जागेवर. बायडानं तो पत्रा बाजूला सारला, प्लास्टिकची बाटली बुडवून भरली आणि शेडच्या तोंडाशी, उन्हात येऊन उभी राहिली. बाटली उजेडासमोर धरली. एक डोळा मिटला.

"काय बघतेस गं?" मी विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "दिसत तर काय न्हाई."

मग घोटभर स्वतः प्याली. थांबली. उभ्याउभ्या बरीच थांबली. आणि मग बाटली लेकीकडं दिली.